हात न लावता लागलेला सा

मद्रासला जाणारी मेल त्या सकाळी उशिरा आली. त्यामुळे झालं असं, की निरोपाचं सगळं बोलून संपलं, आणि तरी आम्ही तिघं सोलापूरच्या फलाटावर उभेच. आई डब्याचं फडकं सोडायची आणि पुन्हा बांधायची. आत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाळवलेली भेंडी. चेन्नईत मला जेवायला मिळणार नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. अण्णा रुळांकडे बघत होते. ते महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते आणि कुठलीही गोष्ट वेळेवर न येणं त्यांना वैयक्तिक अपमानासारखं वाटायचं.

गाडी दिसली तशी आई म्हणाली, "डब्यात कुणाशी बोलत बसू नकोस. घशाला ताण येईल."

अण्णांनी बॅग आत ठेवली, खाली उतरले, खिडकीचे गज धरून उभे राहिले. गाडी हलली तेव्हा मी त्यांना हाक मारली. माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही. तेव्हा माझ्या आवाजात तेवढा जोरच नव्हता.

हे मी गल्लीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखं उठून दुसरीकडे गेलेल्यांसाठीही. मी का गेले, ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. नोकरी मिळाली म्हणून गेले, हे खरं. पण पुण्यातही मिळत होती. मला असं गाव हवं होतं, जिथं मी गात होते हे कुणालाच ठाऊक नसेल.

तुम्हाला ते चांगलंच ठाऊक होतं. नवव्या वर्षापासून मी बाईंकडे गाणं शिकत होते. अण्णा मला सायकलवरून सोडायचे आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसायचे. त्यांनी कधी एक सूर लावला नाही, पण पायरीवर बसून बसून त्यांना राग ओळखता यायला लागले. गणपतीत, लग्नात, हळदीकुंकवाला मला बोलावणं असायचंच. मग गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आईनं सिद्धेश्वराला नारळ फोडला. फक्त स्वरयंत्राकडे जाणारी एक नस दुखावली. असं कधी कधी होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. काही महिन्यांनी बोलण्यापुरता आवाज परत आला, जाडसर आणि हवा सुटल्यासारखा. गाणं आलं नाही.

त्यानंतर तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगले वागलात. तेच मला सोसवेना. मी दुकानात शिरले की दुकानदार रेडिओ बारीक करायचा. शेजारच्या काकू नळावर गुणगुणत असायच्या, मला बघून गप्प व्हायच्या. आमच्या घरात तर टेप वाजायचाच बंद झाला. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण झाला. घरात एवढी शांतता झाली की कुकरची शिट्टी दचकवायची.

चेन्नईत माझा आवाज म्हणजे फक्त माझा आवाज होता. शहराबाहेर सिरुसेरीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी ओळख करून देताना माझा घोगरा आवाज ऐकून कुणी मान वर केली नाही. मला इतकं हलकं वाटलं! मग हळूहळू कळलं, की ज्या गावात तुम्हाला काय झालं हे कुणाला माहीत नसतं, तिथं तुम्ही कोण आहात हेही कुणाला माहीत नसतं. मी राहायचे त्या अड्यारहून सकाळी कंपनीची बस निघायची. जुन्या महाबलीपुरम रस्त्यानं जाताना माणसं कानात वायरी घालून झोपायची. कॅन्टीनमध्ये सगळे तमिळमध्ये हसायचे, आणि मी बसलेय हे आठवलं की थोडा वेळ इंग्रजीत हसायचे. रसमभात मला आवडायला लागला होता, पण ते सांगणार कुणाला? दिवसभरात माझी वाक्यं मोजकीच व्हायची, त्यातली बरीचशी सिटी बसच्या कंडक्टरशी आणि भाजीवालीशी, तीही मोडक्या तमिळमध्ये. एकदा तर शनिवार-रविवार मी कुणाशीच बोलले नाही. सोमवारी ऑफिसात तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

रविवारी आईचा फोन यायचा. "काय करायलीस? जेवलीस का? घसा कसा आहे?" या तीन प्रश्नांचा क्रम कधी बदलला नाही. मी तिन्हींना "बरं आहे" म्हणायचे. मग अण्णा फोन घ्यायचे, पाऊसपाणी विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

अड्यारला मी राहायचे ते एका जुन्या बैठ्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत. खाली मालक, राव मामा आणि मामी. तिकडच्या रिवाजाप्रमाणं मी त्यांना मामा-मामी म्हणायला लागले. खोली बघायला गेले तेव्हा मी इंग्रजीतून बोलत होते. मामींनी माझं नाव ऐकलं, आडनाव ऐकलं, आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, ही आपल्यांतली पोर आहे कीं!"

ते तंजावरकडचे. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी दक्षिणेत गेलेलं. त्यांची मराठी ऐकताना जुनी पोथी कुणीतरी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं. मधूनच "बरं, बरं"च्या जागी "चरि, चरि" आणि "अय्यो" यायचं. त्यांना माझी मराठी तुटक आणि घाईची वाटायची. "तुम्ही लोक शब्द गिळतां," मामी म्हणायच्या. "चावून बोलावें." त्या मला कधी आंबटभाजी, कधी डांगरपचडी वाटीतून आणून द्यायच्या. पण त्यांच्या घरातही एकटेपणा होताच. मुलगा अमेरिकेत. मामा एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, दिवसभर मागच्या खोलीत तारा जोडत बसायचे.

एका रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि खालून एक बाई रडल्याचा आवाज आला. रडणं म्हणावं तर त्यात सूर होता. गाणं म्हणावं तर एकही सूर ठिकाणावर नव्हता. मी घाबरून खाली धावले.

मामी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कांहीं नाहीं," त्या म्हणाल्या. "मामांचें मांजर ओरडतें आहे."

मागच्या खोलीत मामा एका लाकडी पेटीसमोर उभे होते. पेटीच्या उजव्या बाजूला तांब्याची उभी नळी, प्लंबरकडे मिळते तशी. डाव्या बाजूला ॲल्युमिनियमच्या सळीचं आडवं कडं. मामांचे दोन्ही हात हवेत होते. पेटीला त्यांचा स्पर्शच नव्हता, आणि जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून तो आवाज येत होता.

"थेरेमिन," मामा म्हणाले. "शंभर वर्षांचें जुनें वाद्य, समज. उजवा हात नळीजवळ नेला कीं स्वर चढतो, दूर नेला कीं उतरतो. डावा हात कड्यावर आणला कीं आवाज बारीक होतो, उचलला कीं मोठा. हात लावायचा नाहीं." सगळे भाग त्यांनी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एकेक करून जमवले होते. वाद्य अगदी बरोबर झालं होतं. वाजवणाऱ्यालाच कान नव्हता.

त्यांनी पुन्हा हात उचलला. एक सूर लागला, खाली घसरला, तिथंच थरथरत राहिला.

"सा खाली आहे," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "कशावरून?"

"कानाला कळतं."

"तूं गातेस?"

चेन्नईत आल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यासाठीच तर मी इतक्या लांब आले होते, की कुणी तो विचारू नये. "नाही," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, "गात होते," असंही म्हणाले.

मामांनी पुढं काही विचारलं नाही. बाजूला झाले आणि म्हणाले, "ये. उभी राहा."

त्या दिवशी मी काढलेला आवाज मामांपेक्षाही वाईट होता. बोटभर हात हलला की अख्खी सप्तकं उडायची. मी श्वास घेतला तरी सूर चढायचा. हार्मोनियमला पट्टी असते, सतारीला पडदा असतो, निदान गळ्याला आतून कळतं तरी. इथं हवेत हात धरून चाचपडायचं. मामी दारातून म्हणाल्या, "आतां दोन मांजरें झालीं."

मी रोज संध्याकाळी खाली जायला लागले. बस सातला सोडायची, मी तोंड धुऊन थेट मागच्या खोलीत. पंखा बंद करावा लागायचा, कारण पात्यांच्या फिरण्यानं सूर डुगडुगायचा. चेन्नईच्या मे महिन्यात पंखा बंद करून हलायचं नाही, म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यांनाच कळेल. घाम भुवईवरून डोळ्यात यायचा आणि पुसता यायचा नाही. पुसायला हात हलवला की पेटीतली बाई किंचाळायची. कुणी खोलीत आलं तरी सूर हलायचा. मामी चहा घेऊन दाराशी आल्या की मला न बघताच कळायचं.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र कुणाला दिसायची नाही. हात सूर शोधायचा तेव्हा माझा गळाही आतल्या आत तो सूर धरायचा. वीस वर्षांची सवय. आवाज निघत नसला तरी स्नायू ताणले जायचे आणि रात्री घसा ठणकायचा. गळ्याला सोडायला शिकायचं होतं. मला ते गळ्याचा दुसऱ्यांदा निरोप घेतल्यासारखं वाटायचं, आणि काही दिवस मी खाली गेलेच नाही. मामांनी बोलावलं नाही. फक्त संध्याकाळी ते स्वतः वाजवत बसायचे, इतकं बेसूर, की शेवटी मलाच राहवलं नाही.

पावसाळा संपता संपता एकदा सा लागला. आधीही लागायचा, पण क्षणभर, वाटेत भेटल्यासारखा. त्या दिवशी तो लागला आणि राहिला. मी हलले नाही, तोही हलला नाही. गळा शांत होता. आवाज बाईचा होता, थोडा सारंगीसारखा, कुठंतरी दूर खोलीत कुणी गातंय असा. मला आनंद होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मला राग आला. हा आवाज स्वच्छ होता, तरुण होता, आणि माझा नव्हता. मामा टाळ्या वाजवायला लागले, सूर मोडला, आणि मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभी राहून रडले.

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी अण्णा एकटेच मला भेटायला आले. आईचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. येताना त्यांनी शेंगाचटणी आणली, चादर आणली आणि माझ्या खोलीतला गळका नळ पहिल्या तासाभरात दुरुस्त केला. मामा-मामींशी त्यांचं लगेच जमलं. मामांचं बोलणं ऐकून ते मला हळूच म्हणाले, "माझे आजोबा असंच बोलायचे गं."

रविवारी सकाळी मामांनीच विषय काढला. "पोरीचें वाजवणें ऐकलें नाहींत?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मग मागच्या खोलीत खुर्ची दाराजवळ ठेवली, पंखा बंद केला. मामी पदरानं वारा घेत उंबऱ्यापलीकडे उभ्या राहिल्या. मी भूप घेतला. पाचच सूर, चुकायला जागा कमी. सावकाश आलाप सुरू केला. सा, मग खालचा धैवत, परत सा. मी अण्णांकडे बघत नव्हते. रे वरून गंधारावर आले आणि गंधार अचानक वर सरकायला लागला. हात तर स्थिर होता. मान न वळवता मी बघितलं. अण्णा खुर्चीतून उठून माझ्याकडे येत होते.

"अय्यो, तेथेंच!" मामा ओरडले. "तेथेंच थांबा! हलूं नका!"

अण्णा थांबले. एक पाऊल पुढं टाकलेलं, एक हात पुढं आलेला. तसेच. मी हात किंचित मागं घेतला, गंधार ठिकाणावर आणला आणि पुढं गेले. अख्खा आलाप होईपर्यंत ते तसेच अवघडून उभे राहिले, घाम गाळत, लहान मुलाला पुतळा हो म्हटल्यासारखे. शेवटचा सा लावून मी आवाज मिटवला. पंखा लावायचं कुणालाच सुचलं नाही.

"गंधार चढला होता तुझा," अण्णा म्हणाले. 

"तुम्ही उठलात म्हणून."

"मी जवळ आलो की बिघडतं?"

"कुणीही आलं की."

त्यांनी मान हलवली. मामांकडे वळून त्यांनी विचारलं, "मग मी बसू कुठं?" मामांनी भिंतीपाशी जागा दाखवली. अण्णांनी स्वतः खुर्ची उचलून तिथं ठेवली, बसले, आणि म्हणाले, "हं. परत म्हण."

वाजव नाही म्हणाले. म्हण म्हणाले. नंतर मी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही, त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

संध्याकाळी आम्ही दोघं बेझंटनगरच्या समुद्रावर गेलो. अण्णांनी चपला हातात घेतल्या होत्या आणि पाण्यापासून बेतानं लांब चालत होते. चालता चालता म्हणाले, "तो आवाज काही तुझा नाही."

"नाही."

"पण जागा तुझ्याच आहेत. गंधारावरून खाली येताना तू थांबतेस ना जराशी, ती जागा बाईंनी शिकवलेली नव्हे. ती तुझी."

 मग ते म्हणाले, "तुझ्या कॅसेटी आम्ही लावत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून."

"अण्णा, मी तर इथं असते."

"हं."

"मग मी नसताना कुणाला वाईट वाटणार?"

ते थांबले.  "सवयच झाली बघ," म्हणाले. "तू गेलीस, आणि आम्ही तसेच गप्प बसून राहिलो."

म्हणजे मी ज्या शांततेपासून पळून आले होते, ती मी त्यांच्यापाशीच ठेवून आले होते, आणि आई-अण्णा ती सांभाळत बसले होते.  "लावा हो," एवढंच म्हणाले. "परत गेलात की लावा."

ते गेले. पुढच्या रविवारी आईचा फोन आला. "काय करायलीस? जेवलीस का?" आणि तिच्या मागं, घरातून, एक मुलगी गात होती. विशीतली मी. तान घेताना जरा घाई करणारी. मला तो आवाज ओळखायला क्षणभर वेळ लागला.

आई घाईघाईनं म्हणाली, "थांब हं, बंद करते."

"नको, असू दे."

"बरं वाटतंय ना पण तुला?"

"नाही वाटत. पण असू दे."

 आईनंच सांगितलं, "यांनी सकाळपासून लावलंय. शेजारच्या काकू येऊन बसल्यात." त्या दिवशी ती घशाचं विचारायला विसरली. फोन ठेवल्यावर माझ्या खोलीत फार शांत वाटलं. सोलापूरच्या घरात गाणं सुरू होतं, माणसं जमली होती, आणि मी तिथं होते. मी इथंही होते. पण इथं कुणी नव्हतं.

मागच्या वर्षी मुलानं मामा-मामींना अमेरिकेला नेलं. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेत, अजून आलेले नाहीत. खालच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. शनिवारी मी खिडक्या उघडते, मामींच्या तुळशीला रोज पाणी घालते. पेटी मामांनी जाताना माझ्या खोलीत आणून ठेवली. "तिकडे विजेचा दाब वेगळा," असं कारण दिलं. आता मी गच्चीवरच्या खोलीतच वाजवते, दार लावून. दाराशी चहा घेऊन कुणी येत नाही. सूर लावला की तिथंच राहतो, कुणाच्या येण्याजाण्यानं हलत नाही. शिकत असताना मला हेच हवं होतं. आता कधी कधी मी एखादा सूर उगाच लांबवते आणि तो हलतोय का ते बघते.

तुम्ही विचारता, परत येणार का? मला विचाराल तर मला माहीत नाही. तमिळ आता बऱ्यापैकी येतं. भाजीवाली मला "अक्का" म्हणते आणि कढीपत्ता न मागता टाकते. सोलापूरला आले की दुसऱ्या दिवशी मला दहीभाताची आठवण येते, आणि इथं परतले की भाकरीची.

दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात नांदेडची एक मुलगी नवी लागली. मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून ती माझ्या टेबलाशीच घुटमळत असते. एक दिवस अशीच आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही घरी कधी जाणार?"

"साडेपाचच्या बसनं," मी म्हणाले.

ती हसली. "तसं नाही हो ताई. घरी. घरी म्हणजे... आपल्या घरी."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं तिला काय विचारायचंय. सोलापूरचं तिकीट तर मी महिनाभर आधी काढून ठेवलं होतं. पण ते तिला सांगायला मला थोडा वेळ लागला.